दहशतीच्या कात्रणांत बिबट्याही सापडतो

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सामाजिक शास्त्रे व वृत्तविद्या विषयांचे पीएच.डी. मार्गदर्शक आणि संशोधक विद्यार्थी,
तसेच दैनिकांच्या खान्देश आवृत्त्यांचे संपादक

विषय : दहशतवाद, बातम्या आणि लोकांच्या मनातली भीती यांच्या मोजमापाबाबत

मान्यवर मार्गदर्शक, संपादक आणि संशोधक मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

‘दहशतवाद आणि प्रसारमाध्यमांची भूमिका : एक चिकित्सक अभ्यास’ हा साचा आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. तीन महिन्यांची कात्रणे, शंभर प्रश्नावल्या, काय-वर्ग (chi-square) ही संख्याशास्त्रीय कसोटी आणि शेवटी ‘माध्यमांनी जबाबदारीने वागावे’ हा निष्कर्ष. या निष्कर्षासाठी तीन वर्षे घालवायची गरज नाही, तो पहिल्या दिवशीही लिहिता येतो. विषय निवडण्यात काही गैर नाही. खान्देशात या विषयाला जितका कच्चा माल आहे तितका फार थोड्या भागांत असेल. चूक होते ती कात्रणे कधी थांबवायची, कोणता शब्द शोधायचा आणि माणसाला प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचा, या तीन साध्या ठिकाणी.

कात्रणांपासून सुरुवात करू. बहुतेक आराखड्यांत ‘घटनेनंतरचे तीस दिवस’ असा कालखंड असतो. त्यात स्फोट येतो, जखमी येतात, अटक येते आणि फाईल बंद होते. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या मालेगावचेच उदाहरण घ्या. जिल्हा नाशिक असला तरी तिथली बातमी धुळेकरांना परकी कधीच नव्हती. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, बडा कब्रस्तानाच्या परिसरात स्फोट झाले. एटीएसने स्थानिक मुस्लिम तरुणांना अटक केली. तपास पुढे सीबीआयकडे आणि नंतर एनआयएकडे गेला. एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्या तरुणांना आरोपमुक्त केले. म्हणजे अटक आणि मुक्तता यांच्यात जवळजवळ दहा वर्षे गेली. तीस दिवसांची कात्रणे घेणाऱ्याच्या प्रबंधात ते तरुण आजही आरोपीच आहेत. पानावर जे छापले ते त्याने इमानदारीने मोजले, आणि तरीही त्याचे उत्तर चुकले.

म्हणून कालखंड दिवसांत न ठरवता टप्प्यांत ठरवावा. प्रत्येक प्रकरणासाठी एक आडवी ओळ आखा : घटना, पहिली अटक, आरोपपत्र, जामीन, तपास यंत्रणा बदलणे, खालच्या न्यायालयाचा निकाल, अपील, अपिलाचा निकाल. प्रत्येक टप्प्याची तारीख आणि त्या तारखेनंतरचे तीन अंक, एवढेच गोळा करा. आठ टप्पे गुणिले तीन अंक म्हणजे एका दैनिकाचे चोवीस अंक. तीस सलग अंकांपेक्षा काम कमी, आणि हाती लागते ते कितीतरी जास्त. संकेत देताना, म्हणजे बातमीची ठरलेल्या रकान्यांत नोंद करताना, ‘आरोपमुक्त’ आणि ‘निर्दोष मुक्त’ हे दोन वेगळे रकाने ठेवा. पहिल्यात खटला चालण्याआधीच आरोप गळतो, दुसऱ्यात खटला पूर्ण चालून निकाल लागतो. मथळ्यात दोन्हीला ‘सुटका’ म्हणतात, जामिनालाही ‘सुटका’च म्हणतात. संकेत देणाऱ्याने बातमीचे पोट वाचल्याशिवाय रकाना भरू नये.

आता एक तयार विषय देतो, कोणीही उचलावा. जुलै २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात २०१५ साली बारा जणांना शिक्षा झाली होती, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. दुसरा निकाल ३१ जुलैचा. मालेगावच्या भिक्कू चौकात २९ सप्टेंबर २००८ रोजी झालेल्या स्फोटात सहा जण गेले होते, त्या खटल्यातल्या सातही आरोपींना एनआयएच्या विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले. महिना तोच, दैनिके तीच, उपसंपादकही बहुधा तेच. फक्त आरोपींचा धर्म वेगळा.

मोहात पाडणारी जोडी आहे, आणि म्हणूनच जपून वापरायची आहे. एका प्रकरणात निकाल उच्च न्यायालयाचा, दुसऱ्यात खालच्या न्यायालयाचा. एकात मृतांचा आकडा १८७ किंवा १८९ असा छापला जातो, दुसऱ्यात सहा. एकातले आरोपी जनतेला नावाने माहीत नव्हते, दुसऱ्यात एक माजी खासदार होत्या. त्यामुळे जागेत फरक सापडला तर तो धर्मामुळेच, असे एका जोडीवरून म्हणता येणार नाही. म्हणता येईल ते एवढेच की फरक आहे की नाही आणि कोणत्या घटकात आहे : आकारात, क्रियापदात, फोटोत की मृतांच्या नातेवाइकांना दिलेल्या ओळींत.

मोजताना या निकालांच्या दुसऱ्या दिवशीचे दोन अंक प्रत्यक्ष समोर ठेवून पाहा, म्हणजे अडचण कळेल. २२ जुलै हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार या दोघांचाही वाढदिवस, म्हणजे शुभेच्छांच्या जाहिरातींचा दिवस. त्यात २१ जुलैच्या रात्री उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी राजीनामा दिला. १ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊंची जयंती, शिवाय अमेरिकेच्या पंचवीस टक्के आयात शुल्काची बातमी पान एकवर जागा मागत उभी. अशा दिवशी ‘बातमीला किती स्तंभ-सेंटीमीटर मिळाले’ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. आधी पानावरची जाहिरात मोजा, ती वजा करा, उरलेल्या बातमीच्या जागेत आपल्या बातमीचा वाटा टक्क्यांत काढा. ई-पेपरवर सेंटीमीटर मोजू नका, पडद्यावर पान लहान-मोठे होते आणि माप बदलते. तिथे पानाच्या उंची-रुंदीच्या प्रमाणातच मोजावे लागते. मथळा, मजकूर आणि फोटो यांची मापे वेगळी लिहा. लीड (पानाची मुख्य बातमी), अँकर (पानाच्या तळाची बातमी), चौकट की सिंगल (एका स्तंभाची बातमी), घडीच्या वर की खाली, हेही लिहा. आणि आवृत्ती न चुकता लिहा : डाक आवृत्ती लवकर सुटते, शहर आवृत्ती उशिरा. रात्री आलेल्या राजीनाम्याने शहर आवृत्तीचे पान एक फिरले असेल आणि शहाद्याला गेलेल्या अंकात निकालच लीडला राहिला असेल, तर ती दोन वेगळी पाने आहेत. ‘जळगाव आवृत्ती’ एवढीच नोंद असलेला प्रबंध यापैकी कोणते पान वाचले ते सांगूच शकत नाही.

फाईलचे नाव देण्याची साधी शिस्तही इथेच लावून घ्या. गाव, वर्ष, महिना, दिवस, आवृत्ती, पान, बातमीचा क्रमांक : ‘धुळे_२०२५_०७_२२_डाक_पान०१_०३’. ई-पेपरचे दुवे काही काळाने उघडत नाहीत, म्हणून पानाची प्रत त्याच दिवशी उतरवून ठेवावी. राजवाडे संशोधन मंडळासारखी कागद जपणारी संस्था ज्या धुळ्यात आहे, तिथे मराठेशाहीतली दफ्तरे मिळतात आणि गेल्या वर्षीचा ई-पेपर मिळत नाही, हे जरा लाजिरवाणे आहे.

आता शब्दशोध. विद्यार्थी ई-पेपरच्या साठ्यात ‘दहशत’ असे टाकतो आणि खूश होतो, कारण शेकड्याने बातम्या येतात. त्या उघडून वाचा. ‘चोपड्यात बिबट्याची दहशत’, ‘मोकाट कुत्र्यांची दहशत’, ‘हातात कोयता घेऊन दहशत माजवणारा ताब्यात’. मराठीत दहशत हा रोजच्या वापरातला शब्द आहे आणि जिल्हा पानावर तो सर्वांत जास्त बिबट्याच्या वाट्याला येतो. ‘स्फोट’ शोधला तर ‘गौप्यस्फोट’ येतो, सिलिंडर येतो, लोकसंख्येचा स्फोट येतो. ‘बॉम्ब’मध्ये सुतळी बॉम्ब आणि लेटर बॉम्ब. ‘हल्ला’मध्ये मधमाश्या आणि ‘हल्लाबोल’. ‘अतिरेकी’ हा शब्द चालतो, पण त्याचे मूळ ‘अतिरेक’ शोधले की अतिवृष्टीपासून गोड खाण्यापर्यंत सगळे जाळ्यात येते. उलट बाजूने गळतीही होते. ‘घातपात’, ‘देशविघातक कारवाया’, ‘संशयित’, ‘स्लीपर सेल’, ‘माथेफिरू’ या शब्दांत लिहिलेली बातमी ‘दहशतवाद’ शोधून कधीच मिळत नाही. आणि ‘माथेफिरू’ कुणाला म्हटले व ‘दहशतवादी’ कुणाला, हाच तर संशोधनाचा प्रश्न असायला हवा होता.

उपाय कंटाळवाणा आहे, पण एकच आहे. आधी एका महिन्याचे अंक कोणताही शब्द न शोधता पानन्‌पान हाताने वाचा आणि संबंधित बातम्या वेगळ्या काढा. मग त्याच महिन्यावर शब्दयादी चालवा. हाताने काढलेल्यांपैकी किती सापडल्या आणि सापडलेल्यांपैकी किती खऱ्या निघाल्या, ही दोन प्रमाणे काढा. पहिले प्रमाण कमी तर यादी वाढवा, दुसरे कमी तर वगळायचे शब्द जोडा. जुन्या ई-पेपरमध्ये मजकूर युनिकोडमध्ये नसतो किंवा पान निव्वळ चित्र असते, तिथे शोध शून्य दाखवतो. ते शून्य म्हणजे ‘बातमी नव्हती’ असे नव्हे.

संकेत देणारे किमान दोघे हवेत आणि एकमेकांचे न पाहता त्यांनी काम करायला हवे. ‘दोघांचे नव्वद टक्के जुळले’ हे वाक्य मार्गदर्शकांनी कच्च्या मसुद्यातच खोडावे. शंभरातल्या पंचाण्णव मथळ्यांत धर्माचा उल्लेख नसेल आणि दोघांनीही डोळे मिटून त्याच प्रमाणात खुणा केल्या, तरी साडेनव्वद टक्के जुळतेच. योगायोग वजा करून मोजायला क्रिपेनडॉर्फचा अल्फा वापरा : ०.८० च्या वर असेल तर बोला, ०.६६७ च्या खाली असेल तर तो रकाना टाकून द्या किंवा व्याख्या पुन्हा लिहा.

व्याख्येवरून आठवले. यूएपीए म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ मधली व्याख्या वेगळी, मेरीलँड विद्यापीठाच्या जागतिक दहशतवाद विदासंचाची वेगळी आणि वृत्तसंपादकाच्या डोक्यातली तिसरीच. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात या तिन्ही छापायच्या आणि चौथ्या प्रकरणात कोणती वापरली ते सांगायचेच नाही, असे करू नका. शिवाय तो मेरीलँडचा संच, १९७० पासूनच्या दोन लाखांहून अधिक घटनांचा, मुख्यतः बातम्यांवरूनच तयार झालेला आहे. ‘घटना वाढल्या तशा बातम्या वाढल्या’ असा सहसंबंध त्यावरून काढणे म्हणजे आरशात पाहून जुळा भाऊ सापडल्याचे सांगण्यासारखे. त्या संचात १९९३ सालच्या नोंदी गहाळ आहेत आणि २०१२ पासून गोळा करण्याची पद्धत बदलली आहे. आलेखात त्या जागी खड्डा किंवा चढ दिसला तर आधी पद्धतीकडे बघा, जगाकडे नंतर.

परदेशी आकडेही असेच पाहुणे म्हणून येतात आणि घरमालक होतात. एरिन कर्न्स आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा अभ्यास सर्रास उद्धृत होतो : हल्लेखोर मुस्लिम असेल तर ३५७ टक्के जास्त प्रसिद्धी. अभ्यास चांगलाच आहे. पण तो अमेरिकेतल्या २००६ ते २०१५ मधल्या १३६ हल्ल्यांचा आहे. त्यावरून जळगावच्या पानाबद्दल काही सिद्ध होत नाही, फक्त तपासण्याजोगा प्रश्न मिळतो. आणि ३५७ टक्के जास्त म्हणजे साडेतीन पट नव्हे, साडेचार पटीहून थोडे अधिक. प्रस्तावनेतच हा हिशेब चुकला तर पुढचे कोष्टक कोण वाचणार?

आता लोकांकडे जाऊ. ‘वाढत्या दहशतवादामुळे आपणास असुरक्षित वाटते का? होय / नाही.’ या एका वाक्यात दहशतवाद वाढतोय हे आधीच सांगून टाकले आहे. असे दहा प्रश्न विचारून अकरावा ‘देशापुढचा सर्वांत मोठा प्रश्न कोणता’ असा ठेवला तर उत्तर काय येणार ते प्रश्नकर्त्याला माहीतच असते. क्रम उलटा करा. पहिला प्रश्न मोकळा ठेवा आणि ज्या बोलीत माणूस घरी बोलतो त्या बोलीत विचारा : ‘तुमले कसानं भ्याव वाटस?’ उत्तर कापसाच्या भावाचे येवो, केळीवरच्या रोगाचे येवो, रात्रीच्या रस्त्याचे येवो, जसेच्या तसे लिहून घ्या. दहशतवाद हा शब्द विचारणाऱ्याच्या तोंडून प्रश्नावलीच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागाआधी येता कामा नये. धडगाव-अक्कलकुवा भागात तर प्रमाण मराठीतली छापील प्रश्नावली नेऊच नये. तिथे पावरी किंवा भिली बोलणारा सहायक हवा, आणि त्याने केलेला अनुवाद दुसऱ्याने उलट मराठीत आणून पडताळलेला हवा.

भीती आणि धोका यांतले अंतर मोजायचे असेल तर तुलना द्यावी लागते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. सुरत-नागपूर महामार्गाच्या कडेला राहणाऱ्याला आधी रस्ते अपघात आणि दहशतवाद या दोन्ही प्रकारच्या मृत्यूंचा अंदाज विचारा, मग खरा आकडा पाहा. जे चटकन आठवते ते वारंवार घडते असे वाटणे, हे मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७३ मध्येच मांडले आहे. आपल्याकडे प्रश्न एवढाच की आठवण कुठून आली : दैनिकातून, टीव्हीवरून की मोबाइलवरून. हा रकाना वगळू नका. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून मंगळवेढ्याकडच्या डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार केले. कोणत्याही व्याख्येने तो दहशतवाद नाही, पण भीती कोणत्या वाटेने गावात शिरते ते तिथे दिसले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. फक्त दैनिके मोजून ‘माध्यमांचा जनमानसावर परिणाम’ असे शीर्षक देणाऱ्याने राईनपाडा आठवावा.

नमुन्याच्या आकाराबाबत ३८४ हा आकडा मंत्रासारखा म्हटला जातो. तो पाच टक्के चुकीच्या मर्यादेसाठी, आणि पूर्ण यादृच्छिक निवड असेल तरच. तीन जिल्ह्यांत वाटला की प्रत्येकी १२८ उरतात आणि मर्यादा जवळजवळ नऊ टक्के होते. त्यात एकेका गावात बारा-बारा जण बसवून विचारले, आणि एका गावातली उत्तरे एकमेकांसारखी असली (अंतर्गत सहसंबंध ०.१ धरा), तर ३८४ माणसे प्रत्यक्षात १८३ माणसांएवढीच माहिती देतात. कॉलेजच्या गेटवर उभे राहून भरून घेतलेल्या शंभरांना तर कोणतेच सूत्र लागू नाही. तिथे काय-वर्ग कसोटी लावणे हा निव्वळ दागिना आहे.

‘दहशतवाद्यांबद्दल सहानुभूती आहे का’ असा सरळ प्रश्न कोणत्याही मोहल्ल्यात, कोणत्याही वाड्यावर विचारू नये. खरे उत्तर येणार नाही आणि उत्तर देणारा अडचणीत येईल. आडवळणाची रीत आहे : अर्ध्या लोकांना चार विधाने द्यायची, अर्ध्यांना तीच चार अधिक एक नाजूक विधान, आणि ‘किती पटतात’ एवढाच आकडा विचारायचा, कोणती ते नाही. सरासरी २.३ आणि २.५ आली तर नाजूक विधान सुमारे वीस टक्क्यांना पटते. पण ही रीत माणसे खाते. प्रत्येक गटात पन्नास असतील तर चूक अधिक-उणे एकोणचाळीस टक्क्यांपर्यंत जाते, तीनशे असतील तर सोळा, हजार असतील तर नऊच्या आसपास. हजार जमणार नसतील तर हा प्रश्न सोडून द्या. नावे आणि मोबाइल क्रमांक उत्तरांच्या कागदावर नकोत, वेगळ्या वहीत ठेवा आणि पडताळणी झाली की ती वही नष्ट करा. पोलीस ठाण्याला लेखी कळवा, पण पोलीस सोबत नेऊ नका. बंदी असलेल्या संघटनांची पत्रके, चित्रफिती विद्यार्थ्याला उतरवायला सांगू नका. त्याच्या मोबाइलमध्ये ती सापडली तर मार्गदर्शकाचे तोंडी आश्वासन त्याच्या कामाला येत नाही.

संपादकांना थोडेच सांगायचे आहे. ‘कबुली’ हा शब्द मथळ्यात घेण्याआधी ती कुणापुढे दिली ते बातमीत लिहा. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, मकोकाखाली पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची चालू शकते, आणि तशी नोंदवलेलीही लोकल स्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. वाचकाला आणि संकेत देणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक तुमच्या दोन शब्दांवरूनच कळतो. चालू दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर २०१५ पासून केबल नियमांत बंदी आहे. तुमच्या दैनिकाच्या नावाने चालणाऱ्या व्हिडिओ वाहिनीवर जिल्हा प्रतिनिधी मोबाइल धरून उभा राहतो तेव्हा त्यालाही ते सांगून ठेवा.

दुसरी मागणी अगदी छोटी आहे. २२ जुलै आणि १ ऑगस्ट २०२५ च्या आपल्या जळगाव, धुळे व नंदुरबारच्या डाक आणि शहर, दोन्ही आवृत्त्यांची पूर्ण पाने, जाहिरातींसकट, पीडीएफ स्वरूपात जिल्हा ग्रंथालयांकडे द्यावीत. कात्रणे नकोत, पूर्ण पाने हवीत. मार्गदर्शकांनी आपल्या एका तरी विद्यार्थ्याला येत्या सत्रात त्या पानांवर बसवावे. संकेतपुस्तिकेचा मसुदा, जाहिरात वजा करण्याच्या कोष्टकासह, आम्ही विनामूल्य देऊ. त्यात ‘बिबट्या’ वगळायच्या शब्दांत पहिल्या क्रमांकावर आहे.

आपले,
खान्देशातील काही ग्रंथपाल, संकेतक आणि सर्वेक्षक